नऊ माणसांचं जेवण, अठरा दिवसांचं शूट: आयरिश ख्रिसमसवरच्या एका छोट्या चित्रपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

चित्रपट आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या एका घरात घडतो आणि चित्रितही तिथेच झाला. ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही आकडे बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने घेतले गेले, ते मात्र तसंच ठेवलं आहे.

कथा अडीच दिवसांची. २४ डिसेंबरच्या दुपारी मुलं घरी येऊ लागतात आणि २६ तारखेच्या, म्हणजे सेंट स्टीफन्स डेच्या रात्री गोष्ट संपते. आईने घर विकायचं पक्कं केलं आहे, पण कुणाला सांगितलेलं नाही. पात्रं नऊ: आई, तिची चार मोठी मुलं, दोघांचे जोडीदार, नऊ वर्षांची नात आणि आईचा भाऊ. पटकथा ८८ पानांची, त्यातली ६१ पानं घराच्या आत. २५ तारखेच्या दुपारच्या जेवणाचा एकच प्रसंग १७ पानांचा होता. पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट हा हिशेब धरला, तर चित्रपटाचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका टेबलाभोवती घडणार होता.

हातात रोख १,७८,००० युरो होते: खासगी गुंतवणूक, लोकवर्गणी आणि काउंटी कौन्सिलच्या कला विभागाचं छोटं अनुदान. युनिट १४ जणांचं. घर विक्रीला निघालेलं आणि रिकामं होतं, त्यामुळे स्वस्तात मिळालं. मात्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते सोडायचं होतं.

पहिली अडचण: पैसा थोडा, आणि सवलतीच्या मर्यादेला कमी पडणारा

आयर्लंडमध्ये चित्रपटांना सेक्शन ४८१ खाली कर-सवलत मिळते. या प्रकरणाच्या वेळी दर ३२ टक्के होता. पात्र खर्च (म्हणजे सवलतीसाठी ग्राह्य धरला जाणारा खर्च) आणि एकूण निर्मितीखर्चाचे ८० टक्के, यांतल्या लहान रकमेवर तो लागतो. खालची मर्यादा अशी की एकूण खर्च किमान २,५०,००० युरो आणि पात्र खर्च किमान १,२५,००० युरो असायलाच हवा. १,७८,००० चा चित्रपट या दाराबाहेरच राहतो.

निर्मातीपुढे दोन रस्ते होते. आहे त्या पैशांत, १३ दिवसांत, जानेवारीच्या सुरुवातीला शूट उरकायचं. किंवा बजेट मर्यादेच्या वर नेऊन सवलत मिळवायची. तिने मांडलेलं गणित असं: एकूण खर्च २,६२,०००, त्यातला पात्र खर्च २,०५,०००. एकूण खर्चाचे ८० टक्के २,०९,६०० होतात, म्हणून २,०५,००० हीच रक्कम धरायची. तिचे ३२ टक्के म्हणजे ६५,६०० युरो. हातातले १,७८,००० मिळवले की २,४३,६००. म्हणजे आणखी १८,४०० उभे केले, तर चित्रपटाला ८४,००० युरो जास्त मिळतात. त्यातले सुमारे ११,००० वकील, हिशेबतपासणी आणि पैसे हातात येईपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात जातात, तरीही पाच दिवसांचं जास्तीचं शूट सुटतं.

बरोबर २,५०,००० न धरता २,६२,००० धरले, कारण काटकसर करता करता प्रत्यक्ष खर्च मर्यादेखाली घसरला तर सवलतच हातची जाते. छोट्या चित्रपटात हा धोका खरा असतो. कुणी कॅमेरा फुकट दिला, कुणी मानधन सोडलं, तर तो खर्च वहीत राहतच नाही. फुकटच्या मदतीवर पैसा उभा करता येत नाही.

आणखी एक अट इथे नडली. नवी कोरी कंपनी ही सवलत थेट मागू शकत नाही. आधीपासून निर्मितीचा व्यवसाय करणारी, करविवरण भरलेली कंपनी लागते. निर्मातीची कंपनी वर्षभराचीही नव्हती. तिने एका जुन्या निर्मितीसंस्थेला सहनिर्माती म्हणून घेतलं आणि बदल्यात नफ्यातला वाटा दिला. अर्ज मुख्य चित्रीकरणाच्या आधी करावा लागतो आणि सवलतीसाठी लागणाऱ्या सांस्कृतिक प्रमाणपत्राला आठवडे लागतात. त्यामुळे शूट जानेवारीतून फेब्रुवारीत गेलं. निर्णय योग्य होता, पण पुढच्या बऱ्याच अडचणी याच महिन्याभराच्या सरकण्यातून आल्या.

फेब्रुवारीत डिसेंबर

आयर्लंडच्या पश्चिमेला ख्रिसमसच्या सुमारास सूर्य सव्वाचार-साडेचारला मावळतो. फेब्रुवारीच्या मध्याला पावणेसहाच्या आसपास. झाडं तेव्हाही निष्पर्ण असतात, गवत बारा महिने हिरवंच आणि बर्फाची अपेक्षा तिथे कुणी डिसेंबरातही धरत नाही. तेवढ्यापुरतं फेब्रुवारी चालून जातो. अडचण फुलांची. महिनाअखेरीला डॅफोडिल उमलायला लागतात आणि या घराच्या फाटकापासून दारापर्यंत दुतर्फा तीच लावलेली होती. म्हणून फाटक, अंगण आणि गाडी येण्याचे सगळे शॉट पहिल्या तीन दिवसांत घेतले. कळ्या दिसू लागल्यावर मालकाच्या परवानगीने कॅमेऱ्याच्या बाजूच्या कापल्या.

सजावटीचं सामान कलादिग्दर्शिकेने ६ जानेवारीनंतर लगेच खरेदी केलं. त्या दिवशी आयर्लंडमध्ये ख्रिसमस संपतो आणि सजावट उतरते, दुकानं उरलेला माल पडेल भावात काढतात. फेब्रुवारीत तोच माल बाजारात शोधूनही मिळत नाही. झाड प्लास्टिकचं घेतलं. खरं झाड गरम दिव्यांखाली तीन दिवसांत सुया गाळतं, आणि पटकथेच्या क्रमाबाहेर शूट करताना २४ तारखेचं झाड २६ तारखेच्या झाडापेक्षा ओकंबोकं दिसू लागतं. खऱ्या झाडाच्या काही फांद्या पुढच्या बाजूला तारेने बांधल्या आणि दर चौथ्या दिवशी बदलल्या.

ख्रिसमसच्या आदल्या रात्री घरातल्या सर्वांत लहान माणसाने खिडकीत मेणबत्ती लावायची, ही जुनी आयरिश रीत पटकथेत होती. सोळा वर्षांखालच्या मुलांना चित्रपटात घ्यायचं तर सरकारी परवाना लागतो, अर्ज किमान २१ दिवस आधी करावा लागतो आणि कामाचे तास परवान्यात बांधलेले असतात. नऊ वर्षांच्या मुलीला रात्री नऊला सेटवर ठेवणं शक्यच नव्हतं. हा प्रसंग सकाळी साडेदहाला झाला. खिडकीबाहेर दीड मीटर अंतरावर लाकडी चौकटीवर काळं जाड कापड ताणलं आणि काच व कापड यांच्या मध्ये एक मंद निळसर एलईडी ठेवला. कापड काचेला चिकटवून लावलं की खिडकी रंगवलेल्या फळ्यासारखी मेलेली दिसते; मधली मोकळी जागाच रात्रीची खोली देते.

मुख्य अडचण: टेबल

जेवणाची खोली ३.६ मीटर रुंद. घरातलं टेबल सहा जणांचं, म्हणून त्याला दुसरं जोडलं. आयरिश घरांत ख्रिसमसला असंच करतात, त्यामुळे ते खरंही वाटत होतं. दोन्हींच्या उंचीत दोन सेंटिमीटरचा फरक होता. वर जाड फेल्ट आणि त्यावर कापड घातल्याने तो झाकला गेला आणि ताटल्यांचा खणखणाटही कमी झाला.

मूळ आखणीत या प्रसंगाला तीन दिवस होते: शूटचा चौथा, पाचवा आणि सहावा. एकूण १४ सेटअप, म्हणजे कॅमेरा आणि दिव्यांच्या १४ मांडण्या. गणित कागदावर करून बघण्यासारखं आहे. १७ मिनिटांचा प्रसंग, १४ सेटअप, प्रत्येकी चार टेक: नुसता कॅमेरा चालू असण्याचे तास जवळजवळ १६. प्रत्येक सेटअपला दिवे हलवायला अर्धा तास धरला तर सात तास. ५६ टेकनंतर ताटल्या, पेले, मेणबत्त्या पूर्ववत करायला सहा-सात मिनिटं म्हणजे आणखी सहा तास. बेरीज २९. दहा तासांचे तीन दिवस म्हणजे ३०. आखणी बसत होती, पण एका तासाच्या फटीवर. ही बेरीज शूटआधी कुणी केलीच नव्हती. पानांच्या हिशेबाने दिवसाला पावणेसहा पानं एवढंच पाहिलं गेलं. गणपतीतल्या जेवणाचा प्रसंग वाड्यात चित्रित करणाऱ्या मराठी युनिटलाही हीच बेरीज लागू पडते.

पहिल्या दिवशी पाचऐवजी दोन सेटअप झाले.

कारणं लहान लहान होती. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खं टेबल एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, नऊही जण खरोखर जेवत होते, त्यामुळे दर टेकला नऊ ताटल्या नव्याने भरायच्या. टर्की दुसऱ्या टेकलाच कापली गेली आणि अखंड दुसरी ओव्हनमध्ये होती. क्रॅकर, म्हणजे दोघांनी दोन टोकांनी ओढायची, फट् आवाज करणारी पुठ्ठ्याची नळी, एका टेकला पाच उडत होते आणि साठा ३० चा होता. त्यातून निघालेले कागदी मुकुट घातले की त्यांची सळसळ कपड्यांवर लावलेल्या लॅपल माइकमध्ये येई. दुपारी तीनला मुलीचे तास संपले आणि तिच्या खुर्चीकडे पाहून बोलायचे संवाद उरले.

त्या संध्याकाळचे पर्याय

पॅक-अपनंतर दिग्दर्शक, निर्माती, फर्स्ट असिस्टंट डायरेक्टर आणि छायालेखिका बसले. राखीव निधीत १९,००० युरो होते.

एक दिवस वाढवणं हा पहिला पर्याय. शूटचा एक दिवस साधारण ६,५०० युरोंना पडत होता, शिवाय थोरल्या मुलाची भूमिका करणाऱ्या नटाचं नाटक ठरलेल्या तारखेला सुरू होणार होतं. पैसे होते, नट नव्हता.

दुसरा पर्याय दुसरा कॅमेरा. त्याच मॉडेलची बॉडी, लेन्सेस, ऑपरेटर आणि फोकस सांभाळणारा फोकस पुलर मिळून दिवसाला सुमारे १,१०० युरो. दोन कॅमेरे समोरासमोर लावावेत असं दिग्दर्शकाला वाटत होतं, म्हणजे भांडणाच्या दोन्ही बाजू एकाच टेकमध्ये मिळतील. छायालेखिकेने ठाम नकार दिला. एवढ्या अरुंद खोलीत एका कॅमेऱ्याचे दिवे दुसऱ्याच्या चौकटीत येतात, आणि दिवे बाहेर ढकलले की सगळे चेहरे सपाट होतात. तिचं म्हणणं: दोन्ही कॅमेरे एकाच बाजूला, शेजारी-शेजारी, एक मध्यम आणि एक जवळचा.

तिसरा पर्याय पानं कापणं. चौथा, प्रसंग फोडणं: सगळे नऊ जण सगळा वेळ बसलेलेच असायला हवेत का?

दिग्दर्शकाचा चौथ्याला विरोध होता आणि त्यामागे कारणही सबळ होतं. कुणालाच उठता येत नाही, हाच त्या जेवणाचा ताण होता. पण नऊ माणसं टेबलाशी असली की प्रत्येकाने उरलेल्या आठांकडे पाहण्याच्या ७२ दिशा तयार होतात आणि कॅमेऱ्याची रेषा चुकण्याच्या, म्हणजे कोण कुणाकडे पाहतो ते पडद्यावर उलटं दिसण्याच्या, जागाही तेवढ्याच. सात असले तर ४२. पाच असले तर २०.

काय केलं

दुसरा आणि चौथा पर्याय एकत्र घेतला. लेखिकेने रात्रीत प्रसंग तीन तुकड्यांत मांडला. प्रार्थना, क्रॅकर आणि वाढणं: नऊही जण, सात पानं. मग नात आणि तिचे वडील दुसऱ्या आजीला व्हिडिओ कॉल करायला उठतात. उरलेले सात, पाच पानं. शेवटी मामा शेजारच्या खोलीत डुलकी घ्यायला जातो, एक मुलगी चहा ठेवायला स्वयंपाकघरात; टेबलाशी पाच जण आणि घर विकण्याची बातमी, तीन पानं. दोन पानं वगळली. बातमी ऐकून मामाचा चेहरा कसा होतो हा मूळ पटकथेतला क्षण गेला. त्याऐवजी उघड्या दारातून त्याचा पाठमोरा खांदा दिसतो आणि पेपर चाळणारा हात थांबतो. संकलनात हा शॉट मूळ कल्पनेपेक्षा सरस ठरला.

बसण्याची जागाही बदलली. भांडणाऱ्या दोघी बहिणी आधी समोरासमोर होत्या, त्यांना तिरकं बसवलं. तिरक्या रेषेत कुठल्याही एकीच्या शॉटमध्ये मधली दोन-तीन माणसं आपोआप येतात आणि त्यांचे वेगळे शॉट वाचतात. आईला टेबलाच्या टोकावरून काढून स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची दिली. ती सतत उठणारच.

प्रकाशाचा क्रम कथेबरोबर धरला. आयर्लंडमध्ये हे जेवण दुपारी दोन-तीनला सुरू होतं आणि पुडिंग येईपर्यंत बाहेर अंधारतं. खिडकी ज्यांच्या मागे आहे अशा तीन खुर्च्यांचे पहिल्या तुकड्यातले सगळे शॉट सकाळी उजेडात घेतले, मग खिडकी काळी करून त्याच खुर्च्यांचे शेवटच्या तुकड्यातले. भिंतीकडच्या खुर्च्या दुपारनंतर. अभिनेत्यांना कथा उलटसुलट करावी लागली, म्हणून कुठल्या वाक्याला किती राग साठला आहे याचा तक्ता दिग्दर्शकाने भिंतीवर लावला.

अन्न

सगळ्यात मोठा फरक इथे पडला. कंटिन्युइटी, म्हणजे शॉटमागून शॉटची सुसंगती, पाहणाऱ्या मुलीने संवादाच्या प्रतीवर प्रत्येक घास लिहून काढला: कोण, कुठल्या शब्दावर, काय उचलतो. नऊपैकी चौघांनीच खायचं ठरलं. बाकीचे वाढून घेतात, कापतात, पेला उचलतात. नट पहिल्या टेकला मनापासून जेवतात आणि चौथ्या टेकला त्यांचं पोट भरलेलं असतं, तरी घास तेवढेच आणि त्याच शब्दांवर यावे लागतात.

टर्की तीन लागल्या: एक अखंड, तेल लावून चकाकवलेली, कुणी न खाण्याची, एक अर्धी कापलेली, आणि खाण्याच्या कापांसाठी तिसरी. खाण्याचं अन्न थंड पेटीत पाच अंशांखाली ठेवलं, गरम हवं ते ६३ अंशांच्या वर, आणि दिव्यांखाली दोन तास राहिलेलं फेकलं. हॅमच्या कापांच्या कडा वीस मिनिटांत सुकून वर वळतात, त्यांवर पाणी आणि ग्लिसरीनचा फवारा मारला; हे काप अर्थातच शोभेचे. ब्रसेल्स स्प्राउट्स दोन मिनिटं उकळून बर्फाच्या पाण्यात टाकले की हिरवे राहतात, नाहीतर तासाभरात खाकी होतात. ग्रेव्हीवर साय धरते, म्हणून ती पातळ ठेवली. सर्वांत भरवशाचं उकडलेल्या बटाट्याचं मॅश: चमच्याने कुठलाही आकार परत देता येतो. स्टाउट (काळी बिअर) बिनअल्कोहोलची घेतली, पण तिचा फेस काही मिनिटांत बसतो. म्हणून ॲक्शनच्या आधी शेवटचं काम स्टाउट ओतणं, आणि ओतणाऱ्यासाठी चौकटीबाहेर पक्की जागा. मेणबत्त्या पाच लांबींत आधीच कापून, तुकड्यांप्रमाणे क्रमांक घालून ठेवल्या.

आवाज आणि हक्क

फ्रिज बंद करताना ध्वनिमुद्रकाने आपल्या गाडीच्या किल्ल्या त्यात ठेवल्या. किल्ल्या घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा चालू करायचं राहत नाही. तेलाचा बॉयलरही टेकच्या वेळी बंद असे. दुपारी चारपर्यंत खोली इतकी गार होई की तोंडाची वाफ कॅमेऱ्यात दिसायला लागे, म्हणून दर सेटअपच्या बदलात बॉयलर चालू आणि टेबलाखाली गरम पाण्याच्या पिशव्या. ध्वनिमुद्रणाचं यंत्र आठ वाहिन्यांचं होतं: सहा लॅपल माइक, दोन बूम (लांब दांड्यावरचे माइक). मुकुट कागदाऐवजी पातळ, मऊ कापडाचे शिवले. कॅमेऱ्यात फरक कळत नाही. रोज पॅक-अपआधी वीस मिनिटं काटे-चमचे, खुर्च्या, कुजबुज यांचा निव्वळ आवाज घेतला.

पटकथेत सगळे मिळून एक गाजलेलं ख्रिसमसचं पॉप गाणं म्हणतात असं होतं. पात्रांनी नुसतं गुणगुणलं तरी रचनेचा हक्क लागतो. मूळ ध्वनिमुद्रण वाजवलं तर त्याचा वेगळा. महोत्सवापुरता परवाना स्वस्तात मिळतो, पण नंतर विक्रीच्या वेळी सगळ्या माध्यमांचा मागावा लागतो आणि तो आकडा या बजेटला झेपणारा नव्हता. त्याऐवजी मामाने वेक्सफर्ड कॅरल हे पारंपरिक गीत साथीशिवाय, आपल्या ढंगाने म्हटलं. पारंपरिक गीताचीही कुणी केलेली नवी मांडणी हक्काखाली असू शकते, म्हणून छापील स्वरलिपी कुणी हातात घेतली नाही. सेंट स्टीफन्स डेला लेपर्ड्सटाउनच्या घोड्यांच्या शर्यती घरोघरी टीव्हीवर लागतात. इथे टीव्हीची फक्त पाठ दिसते, आणि समालोचन काल्पनिक घोड्यांची नावं घालून स्वतः लिहिलेलं आहे.

निष्पत्ती

टेबलाचा प्रसंग तीनाऐवजी साडेतीन दिवसांत झाला. दुसरा कॅमेरा दोन दिवस. जास्तीचा अर्धा दिवस, एक टर्की आणि कॅमेरा मिळून राखीव निधीतून ५,७०० युरो गेले. चित्रपट ८४ मिनिटांचा झाला, त्यात जेवण १३ मिनिटांचं. तपासलेला खर्च मर्यादेच्या वर राहिला आणि सवलत मिळाली. ऑगस्टअखेर प्रत तयार होती, आणि तशी ती असावीच लागते: टीव्ही वाहिन्यांचा डिसेंबर तिकडच्या उन्हाळ्यातच भरत जातो.

वेगळं काय करता आलं असतं

सेटअप, टेक आणि पुनर्मांडणी यांची बेरीज पटकथेच्या दुसऱ्या खर्ड्यालाच करायला हवी होती. प्रसंग फोडण्याचा निर्णय मग दमलेल्या रात्री न होता लेखनाच्या टेबलावर झाला असता, आणि वगळलेली दोन पानं कदाचित वाचली असती.

आठवडाभर आधी खऱ्या अन्नासह एक तालीम, फोनच्या कॅमेऱ्यावर, पुरली असती. टर्कीचा, क्रॅकरचा आणि मुकुटांचा प्रश्न तिथेच दिसला असता.

जेवण चौथ्या दिवशी लावणं चुकलं. युनिटला एकमेकांची सवय व्हायला आठवडा लागतो आणि नटांनाही कुटुंब व्हायला तेवढाच. आठव्या-नवव्या दिवशी ते लावता आलं असतं. अंगणातले शॉट आधीच उरकलेले असल्याने डॅफोडिलची घाई टेबलाला नव्हतीच.

आणि स्थिरचित्रं. नऊही जण मुकुट घालून टेबलाभोवती बसलेले आहेत, हे या चित्रपटाचं पोस्टर. त्या धावपळीत छायाचित्रकाराला दहा मिनिटंही दिली गेली नाहीत. वितरकाने फोटो मागितले तेव्हा चित्रपटातूनच चौकट काढावी लागली. हालचालीने ती किंचित पुसट आहे आणि धाकट्या मुलाचा चेहरा मेणबत्तीमागे झाकला गेला आहे. कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीवर, मास्टर शॉटनंतर लगेच ‘फोटो, दहा मिनिटं’ अशी ओळ असती, तर बॉयलर बंद, दिवे लागलेले आणि सगळे जागेवर असतानाच ते काम झालं असतं.